काचेचा दोष

पारा त्रेचाळीसवर होता. निरीक्षकाने तो दोनदा वाचला, वाकून, डोळा अगदी रेषेच्या पातळीला आणून. मग वहीत लिहिलं, एक्केचाळीस. पांढऱ्या लाकडी पेटीची झडप लावली, रुमालाने मान पुसली आणि रस्त्याच्या मुकादमाला फोन केला.

"किती, साहेब?"

"एक्केचाळीस."

"झकास. मग चालू ठेवतो," मुकादम म्हणाला. त्याच्या मागे डांबर पसरणाऱ्या यंत्राची घरघर चालली होती.

नियम सोपा होता. दुपारी बारा वाजता सरकारी हवामान केंद्राचा आकडा बेचाळीसवर गेला, की भोंगा वाजवायचा आणि चारपर्यंत उघड्यावरचं काम बंद ठेवायचं. नियम येऊन चार उन्हाळे झाले. भोंगा अजून एकदाही वाजला नव्हता.

निरीक्षक लबाड होता असं कुणी समजू नये. उलट त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणत. ज्या म्हाताऱ्या साहेबांच्या हाताखाली तो शिकला, त्यांनी त्याला एक गोष्ट पक्की सांगितली होती. तापमापकाची काच जुनी झाली की आकसते, आणि पारा उगाच वर चढतो. अकरा वर्षांपूर्वी पारा जुन्या वह्यांतल्या सरासरीला ओलांडायला लागला, तेव्हा याने काचेवर संशय घेतला. तपासणीसाठी मुख्य कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. कुणी फिरकलं नाही. शेवटी दुरुस्ती त्याने स्वतःच सुरू केली. आधी अर्धा अंश वजा करायचा, मग एक, आता दोन. काच दर वर्षी जास्तच बिघडत चालली होती.

पृथ्वी तापतेय म्हणून कुणी गळा काढला, की तो वह्यांच्या कपाटावर थाप मारायचा. "चाळीस वर्षांच्या नोंदी आहेत. काढा, आणि दाखवा कुठे वाढलंय ते!" कुणालाच दाखवता यायचं नाही. कसं येणार?

त्याचा धाकटा भाऊ त्याच रस्त्यावर कामाला होता, गरम डांबर ओढायला. गेल्या आठवड्यात त्याला दोनदा घेरी आली होती. आज सकाळी भावजय दारात आडवी उभी राहिली.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना. पोटात पाणी ठरत नाहीये, आणि निघालेत कामावर."

"अगं, ऊन वाढलेलंच नाही तर बाधेल कसं?" निरीक्षक म्हणाला. "मनाचे खेळ आहेत सगळे."

धाकट्याने भिंतीला धरून बूट चढवले. "दादा म्हणतोय ना? मग नसेल वाढलं," असं म्हणून तो हसला आणि गेला. लहानपणापासून त्याचा स्वतःपेक्षा दादावर जास्त भरवसा. निरीक्षकाला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

फोन ठेवून तो वळतो तर फाटकाशी जीप उभी. मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई आल्या होत्या. अकरा वर्षांनी का होईना, पत्रांना पाय फुटले म्हणायचे.

"तुमच्या केंद्राचं वर फार नाव निघतं, काका," बाई पेटीकडे चालता चालता म्हणाल्या. "सगळीकडचे आकडे चढतायत, तुमचे तेवढे जागच्या जागी. लोक भाषणात तुमचा दाखला देतात. म्हणतात, बघा, नुसती आवई आहे."

"आवईच आहे, मॅडम," निरीक्षक खुशीत म्हणाला. "तेवढा तापमापक बदलून द्या. दोन अंश जास्त दाखवतो मेला."

"बघू या की."

बाईंनी आणलेला नवा तापमापक जुन्याशेजारी टांगला. झडप लावली. वीस मिनिटं दोघं भिंतीच्या सावलीत उभे राहिले. सावलीतसुद्धा भिंतीला हात लाववत नव्हता. मग बाईंनी झडप उघडून दोन्ही वाचले. दुसरा नवा काढला, पुन्हा टांगला, पुन्हा तेवढाच वेळ थांबल्या.

"त्रेचाळीस पूर्णांक चार," त्या म्हणाल्या. "तिन्हींवर तेवढंच. तुमचा तापमापक एकदम ठणठणीत आहे, काका. काचेत काही दोष नाही."

त्यांनी दाखल्यावर सही केली आणि सामान आवरायला घेतलं. अकरा वर्षं काच खरं सांगत होती. भिंतीला धरून बूट घालणारा भाऊ खरं सांगत होता. खोटं फक्त त्याच्या हातून लिहिलं गेलं होतं, सुवाच्य अक्षरात. त्याला स्वतःची भयंकर किळस आली. फोनवरचा नंबर त्याला दोनदा चुकला.

"मुकादम, भोंगा वाजवा! आत्ताच्या आत्ता. माझा आकडा चुकलाय. आजचाच नाही, सगळेच चुकलेत. आज त्रेचाळीसच्या वर आहे. दोन अंश कमी सांगत आलो मी तुम्हाला. माझा भाऊ आहे तिथे, त्याला आधी सावलीत घ्या."

पलीकडे यंत्र घरघरतच राहिलं. मुकादम दचकला नाही की चिडला नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तसा तो बोलला.

"साहेब, जिवाला लावून घेऊ नका. आमच्या गाडीतही तापमानाचा काटा आहे. नाहीतर विमानतळाचं केंद्र इथे हाकेवर असताना, आकडा रोज तुम्हाला कशाला विचारला असता?"