तिसऱ्या संध्याकाळचा पोशाख

पलंगावर छापील चिठ्ठी पडली होती.

आजचा पोशाख: औपचारिक.

"औपचारिक म्हणजे?" बायकोने विचारलं. चष्मा कपाळावर, चिठ्ठी हातभर लांब धरलेली.

"म्हणजे वर डेकवर जाऊन जेवायचं," तो म्हणाला. "तिथे कोणी विचारत नाही. चपला घालून गेलं तरी चालतं."

"दोन दिवस तिथेच जेवतोय. ताटली घेऊन रांगेत उभं राहायला का लेकीने एवढी तिकिटं काढली?"

स्त्रिया: लांब गाऊन.

"अगंबाई! गाऊन घालून तर मी घरी दूध तापवते."

ती हसली. तो हसला नाही.

लेकीने मुद्दाम हेच जहाज शोधलं होतं. बाबांचं जहाज. इथे बाबा तीस वर्षं अधिकारी होते, रात्री कप्तानाच्या टेबलाला जेवायला बसत होते, असं बाबाच सांगायचे. सुट्टीवर आले की रंगवून रंगवून सांगायचे. कोणत्या बाईच्या गळ्यात काय होतं, कोणाच्या कोटाला कसली बटणं होती. बटणं खरी होती. गळ्यातलं खरं होतं. फक्त ते सगळं त्याने उभ्याने पाहिलं होतं, वाढप्याच्या पांढऱ्या कोटात, डाव्या हातावर तीन भरल्या ताटल्या घेऊन. घरी तेवढं एक वाक्य त्याने कधी सांगितलं नाही.

पुरुष: गडद सूट. टाय किंवा बो.

जावयाचा काळा कोट त्याला खांद्यात सैल होता. जावयाने टायही दिला होता आणि बोही. बायकोने दोन्ही पलंगावर मांडले. बो त्याने पाहिलासुद्धा नाही. तो त्याला डोळे मिटून बांधता आला असता. तीस वर्षं रोज बांधला होता, डुलत्या जहाजावर, आरशाशिवाय. वाढणाऱ्यांना बोच असे.

टाय गळ्यात अडकवून तो आरशासमोर उभा राहिला. एक टोक मांडीपर्यंत आलं. सोडला. दुसऱ्या वेळी गाठच बसली, ती सुटेना.

"हात थरथरतो हल्ली," तो म्हणाला.

"चहाचा कप धरताना नाही थरथरत."

"कपाचं वेगळं असतं."

"इकडे या." तिने गाठ सोडवली. "पोरं शाळेत होती तेव्हा रोज सकाळी दोन टाय बांधायचे मी. एक पोर रडत असायचं, एक झोपेत. मान वर करा. हं. आता गिळून दाखवा."

त्याने आवंढा गिळला.

"ऐक ना," तो म्हणाला. "तिथे कोणी जुना माणूस भेटेल. लोक काहीबाही बोलतात. वय झालं की आठवणीत गफलत होते लोकांच्या."

"बरं."

"म्हणजे ओळखतील ते मला, पण उगाच भलतंच…"

"बरं म्हटलं ना. कोट घाला."

दोन जिने उतरेपर्यंत तो कठडा धरून चालला. खालच्या वळणावर त्याचे पाय आपसूक डावीकडे वळले. तिथे एक अरुंद दार होतं. पाटी नव्हती. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"अहो, तिकडे कुठे?" बायको म्हणाली.

मोठ्या दारात मुख्य वाढपी यादी घेऊन उभा होता. केस पिकले होते, तरी त्याने लगेच ओळखलं. हा बुटक्या. याला काम शिकवताना हातावर ताटल्यांच्या आधी आठ दिवस विटा ठेवल्या होत्या त्याने. परत जाता येईना. मागे लोक येऊन थांबले होते, गडद सूटवाले.

बुटक्याने यादीतून मान वर केली आणि त्याचा चेहरा फुलला.

"दादा! अहो दादा, तुम्ही आणि या दारातून?"

तो घाईने बायकोकडे वळला. "हे… हे आमच्या खात्यात…"

बायको एक पाऊल पुढे झाली.

"हो, याच दारातून," ती म्हणाली. "तीस वर्षं उभे होते. आज बसायला आलेत. खिडकीजवळचं टेबल मिळेल का?"

बुटक्या लगबगीने पुढे झाला. त्याला मात्र पाऊल उचलेना. तो बायकोकडे बघत राहिला. ती शाल सारखी करत होती.

"असे काय बघताय? सुट्टीवर यायचात तेव्हा कपडे कोण धुवायचं? कप्तानाशेजारी बसणाऱ्याच्या एकट्या डाव्याच बाहीला रस्सा लागतो होय?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगायचात," ती म्हणाली. "चला, लोक खोळंबलेत."

बुटक्याने खुर्ची मागे ओढून धरली. तो बसला. आधी काठावर, मग पूर्ण. बुटक्याने रुमाल झटकून उघडला आणि त्याच्या मांडीवर पसरायला वाकला.

हजारो मांड्यांवर त्याने स्वतः असाच रुमाल पसरला होता. पण तेवढ्या वेळात समोरचा माणूस आपले हात कुठे ठेवतो, ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने दोन्ही हात वर उचलले आणि तसेच हवेत धरून ठेवले.