लवकरच येत आहे

बायको पौर्णिमा वारल्यावर सेलूच्या घरात नागसेन एकटाच उरला. तिनं गायलेल्या भीमगीतांची वेबसाइट त्यानं शिकत शिकत बनवली, अपलोड केली. पण पडद्यावर नुसतं ‘लवकरच येत आहे’ दिसे. शेवटी त्यानं वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. “काका, सर्व्हरवर आमची जुनी फाइल राहिलीय, तिचंच पान दिसतंय. ती काढून टाका,” पलीकडची मुलगी म्हणाली. फाइल शोधता शोधता तो तिला पौर्णिमाबद्दल सांगत राहिला. कितीतरी दिवसांनी कोणी ऐकत होतं. फाइल निघाली आणि पौर्णिमाचा हसरा फोटो समोर आला. “आता काय दिसतंय, काका?” खरं सांगितलं तर ती फोन ठेवेल. “तेच पान दिसून राह्यलं, पोरी.” फोनमधून पौर्णिमाचं गाणं ऐकू आलं. मुलीनंही वेबसाइट उघडली होती. “गाणं संपेपर्यंत थांबूया, काका,” ती म्हणाली.