अर्नाळ्याची परतीची होडी

"एक मानूस कमी हाय," जयराम म्हणाला आणि त्यानं इंजिनावरचा हात काढून घेतला.

गुरुदत्तच्या तोंडचं पाणी पळालं. अर्नाळ्याच्या बेटावरून परतणारी ही दिवसातली शेवटची होडी. ओहोटी लागली होती, पाणी डोळ्यांदेखत मागं सरत होतं. होडी एकदा का वाळूत बसली, की भरती येईपर्यंत बसा हरी हरी करत. आणि आज रात्रीच हायवेवरून संग्रामची कोल्हापूरची लक्झरी सुटायची होती.

संग्राम म्हणजे विनयाचा भाऊ, गुरुदत्तचा मेहुणा. मे महिन्यात ही मंडळी कोल्हापूरला गेली, तेव्हा त्यानं आपल्या जीपमधून पन्हाळा, जोतिबा, रंकाळा सगळं फिरवलं. जमिनीला पाय म्हणून लागू दिला नाही. गुरुदत्तचा गोखिवऱ्याला फ्लॅट होता, गाडी नव्हती. पण गाडीवाचून काही अडत नाही हे त्याला दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांना दाखवून द्यायचं होतं. वसईच्या किल्ल्याला एसटी, निर्मळला टांगा, आज विरारपर्यंत लोकल, पुढं किनाऱ्यापर्यंत दोन रिक्षा आणि मग होडी. एका वाहनात बसला की याचा जीव पुढच्या वाहनात. तोंडात घास असतानाही डोळा घड्याळावर. संग्राम हसून म्हणालाही होता, "दाजी, तुमच्याकडं बघण्यापरीस चढणं-उतरणंच लई!" ते हसणं गुरुदत्तला लागलं होतं. आता बस चुकली, तर कोल्हापूरच्या प्रत्येक लग्नकार्यात हीच गोष्ट चघळली जाणार.

"आपापली मानसं बघा रे," जयराम ओरडला.

गुरुदत्तनं बोट नाचवत मोजली. सकाळी रिक्षांत तीन-तीन बसवली होती, तशीच. संग्राम, त्याची बायको, त्यांच्या दोन मुली, विनया, आपण. थर्मास, चटई, कॅमेरा, केळ्यांची पिशवी. सगळं जागच्या जागी होतं.

"आमची पूर्ण आहेत. सोड लवकर!"

"माज्या होडीतून आलेलं मानूस बेटावर टाकून मी जानार नाय," जयराम शांतपणे म्हणाला. "आमच्यात तशी रीत नाय."

"अरे, पण पाणी चाललंय!"

"मला पानी दिसतंय, साहेब."

गुरुदत्त चुळबुळला. उठला, बसला, पुन्हा उठला. शेजारच्या माणसानं "येईल हो बिचारं" म्हटलं, तसा तो भडकलाच. "कुणी तरी एकटंच आलं असणार. सोबत घरचं कुणी असतं तर एव्हाना बोंब नसती मारली? आणि ज्याला वेळेचं भान नाही, त्यानं राहावं की रात्रभर इथंच. उद्या सकाळच्या होडीनं ये म्हणावं! एकाच्या पायी सगळ्यांनी का खोळंबायचं?" दोघातिघांनी माना डोलावल्या. त्याला आणखी चेव आला. जयराम सुकाणूला टेकून किनाऱ्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात माडांच्या खालून दोन बाया येताना दिसल्या. एक बेटावरचीच कोळीण होती. दुसरी तिच्या हाताला धरून पाय ओढत चालली होती. उन्हं समोरून डोळ्यांवर येत होती. चेहरा दिसत नव्हता.

गुरुदत्त फळीवर चढला आणि दोन्ही हात हलवत ओरडला, "अहो बाई, पाय उचला जरा! तुमच्यामुळं अख्खी होडी ताटकळलीय! लाज वाटत नाही का?"

विनयानं त्याचा शर्ट खस्सकन ओढला. "अहो, त्या आई आहेत."

सकाळी दोन रिक्षांत सहाच माणसं मावली, म्हणून विरारला आईला त्यानंच एसटीत बसवून दिलं होतं. किनाऱ्यावर ती बरोबर येऊन मिळाली, होडीतही बसली. बेटावर तिचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा देवळाच्या सावलीत तिला टेकवून 'जाताना घेतो' म्हणाला होता तोही हाच. विनयाला वाटलं होतं, एसटी गाठायची म्हणून त्या आधीच्या होडीनं पुढं गेल्या. गुरुदत्तला तसं काही वाटलंसुद्धा नव्हतं. आई त्याच्या मोजणीतच नव्हती.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाण्यात उडी मारायला हवी होती त्यानं. मारली ती संग्रामनं. एका बाजूनं तो आणि दुसऱ्या बाजूनं जयराम, असं दोघांनी मिळून म्हातारीला वर घेतलं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. दम लागला होता, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. वारा बेटावरून होडीकडे होता, त्यामुळे लेकाचा एक शब्दही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. ती त्याच्याशेजारी बसली, पदरानं तोंड पुसलं आणि पाण्यात उभ्या असलेल्या कोळिणीकडे वळून मोठ्या अभिमानानं म्हणाली,

"होडी गेली असेल म्हणत होतीस ना गं? बघितलंस, माझा गुरुदत्त उभा राहून कसा हाका मारत होता मला!"