आजोबांच्या हातचे मेपल

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तोंडाशी तार ओवून मी हिवाळाभर रसाच्या पिशव्या केल्या. बर्फ वितळू लागल्यावर, खोडाला भोक पाडून झिरपणारा गोड रस धरायला, त्या आमच्या मेपलच्या झाडांना अडकवायला निघाले, तर धाकटा भाऊ नॉर्मां दरवर्षीसारखा आडवा आला.

"सोलांजताई, रस्त्याकडच्या मोठ्या झाडांना भोक पाडायचं नाही हं! आजोबांच्या हातची आहेत ती."

मला भरूनच आलं. बारक्या झाडांचा रस तो किती निघणार! तरी आटवून पहिला पाक त्यालाच दिला.

आज लाकडाचा व्यापारी करवत घेऊन आला. मोठ्या बुंध्यांवरून हात फिरवत मला म्हणाला,

"भोकं पडलेल्या खोडाच्या फळ्यांना कोणी विचारत नाही. तुमचा भाऊ मात्र शब्दाचा पक्का हो, बाई! इतकी वर्षं एकालाही भोक पडू दिलं नाही."