सुईभोवतीची लाली

"डोये उघड. पाह्य काय निंगते ते," तुळसाबाई सुनेला म्हणाली.

वैजयंतीनं डोळे उघडले नाहीत. मानोऱ्याच्या दवाखान्यातल्या टेबलावर तिचा दंड उघडा होता. दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा. डॉक्टर पौर्णिमाताईंनी त्यावर पीस फिरवून विचारलं होतं, कळतं का? भीतीनं तिला हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. म्हणून त्यांनी चट्ट्यावर औषधाचा थेंब ठेवला आणि थेंबातून सुई टोचली.

"हे हिस्टामाइन. इजा झाली की अंगातल्या पेशी हेच सोडतात. त्याच्या हाकेनं रक्त धावतं, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धावतात. नस जिवंत असली, तर सुईभोवती लाली पसरते."

"अन् नाही पसरली तं महारोग, असंच ना?"

सुनेची पिशवी तुळसाबाईच्या मांडीवर होती. बाहेर जीप उभी होती. लाली उठली नाही तर जीप घरी जाणार नव्हती. धनजला, वैजयंतीच्या बापाच्या दारात जाणार होती.

एक मिनिट गेलं. कुंकवाचं बोट पाण्यात बुडवावं तशी लाली हळूहळू पसरत गेली.

"खाजून राह्यलं," वैजयंती म्हणाली, आणि रडत हसली.

"साधा डाग आहे. सुनेला घरी न्या," डॉक्टर म्हणाल्या.

तुळसाबाई उठली नाही. "सुई टोचली तं कोनाचंबी लाल होईन! येडी समजता का मले? मले टोचा बरं." तिनं बांगड्या मागं सारल्या. "अठी टोचा. चुलीच्या धगीनं रंग उडाला, तठीच."

डॉक्टरांनी ती फिकट जागा निरखली, थेंब ठेवला. मग टोचलं.

"पाह्य वं, मी चूं तरी केली का?"

दोन मिनिटं गेली. पाच गेली. टोचल्या जागी बारीक गांध उठली. भोवती काहीच नाही.

"थांबा ना जराक. म्हातारं रक्त हाय, उशिरानं येते."

बाहेर हॉर्न वाजला.

"मावशी, गोळ्यांनी पुरा बरा होतो हा रोग," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

तुळसाबाईचा बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. तिनं सुनेकडे पाहिलं. "मले कोनाच्या दारात सोडता वं आता?"

वैजयंती उठली. त्या फिकट जागेवर तिनं आपला तळवा घट्ट ठेवला.

तुळसाबाईला तो दिसला. जाणवला नाही.