एकतीस तक्रारी

"एकूण एकतीस तक्रारी," परवाना अधिकारी म्हणाले आणि त्यांनी जाडजूड फाइल गाण्याच्या हॉलमधल्या टेबलावर ठेवली. "सगळ्या एकाच माणसाच्या."

तो माणूस समोरच बसला होता. हॉलच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. निवृत्तीनंतर हातांना चैन पडेना, म्हणून दुकानांच्या पाट्या, जिन्यातल्या सूचना ते लाल पेन्सिलीने दुरुस्त करत; एकदा तर आलेली लग्नपत्रिकासुद्धा तशीच दुरुस्त करून परत पाठवली. इमारतीत सगळे त्यांना काना-मात्रा काका म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात.

हॉल चालवणाऱ्या वहिनी त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांचा धाकटा दीर ड्रम वाजवायचा, आणि तो वहिनी म्हणतो म्हणून शहरभरचे वादक त्यांना वहिनीच म्हणत. शिवणकामाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात साठ खुर्च्या आणि एक पियानो टाकून त्यांनी हा हॉल उभा केला होता. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ कार्यक्रम. नियम एकच, निदान एक गाणं तरी आजवर कुठेही न वाजलेलं हवं. असे आणखी दोन हॉल शहरात होते. ते बंद झाले; एकात आता फरशा विकतात. इथला परवाना गेला, तर नव्या गाण्याला पहिल्यांदा चुकायलासुद्धा जागा उरणार नव्हती.

"काका, आमचं काय चुकतं ते तोंडावर सांगायचंत ना," वहिनी शेवटी म्हणाल्या. "एक जिना तर उतरायचा. थेट महापालिकेत कशाला?"

"दारावर पाटी लावलीय तुम्ही," काका शांतपणे म्हणाले. "'कार्यक्रमाविषयीच्या सूचना व तक्रारी खालील पत्त्यावर पाठवाव्यात.' पत्ता छापलेला आहे. मी पाठवल्या."

ती पाटी महापालिकेनेच सक्तीने लावायला लावली होती. छापलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा शहरात एकच माणूस होता, आणि तो नेमका वरच राहत होता.

नियम असा, की पाचाहून जास्त तक्रारी झाल्या तर परवाना रद्द. फक्त त्याआधी दोन्ही बाजूंसमोर त्या वाचून दाखवायच्या. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, पहिला कागद काढला आणि एका दमात सुरुवात केली.

"'दिनांक नऊ. तिसरे गाणे. ड्रम घाईत.'" ते थांबले. दुसरा कागद काढला. "'दिनांक सोळा. तिसरे गाणे. ड्रमची घाई अद्याप आहे. सॅक्सोफोनचा शेवटचा सूर किंचित उतरलेला.'"

मग तिसरा. "'दिनांक तेवीस. सूर जागेवर. ड्रमची घाई गेली.'"

कोपऱ्यात सॅक्सोफोनवाल्याशेजारी उभा असलेला दीर पुढे आला. "वहिनी, त्या आठवड्यात रोज मी त्या एकाच जागेवर घासत होतो. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं." त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही.

अधिकाऱ्यांनी उरलेले कागद भराभर उलटले. "यात आवाजाची तक्रार कुठाय?"

"आवाजाची कशाला असेल?" काका गोंधळले. "चुकांची आहे."

हॉलचं नाव दिसलं की कागद आवाजाच्या फायलीत टाकायचा, अशी कार्यालयाची पद्धत होती. वाचायची पद्धत नव्हती.

"म्हणजे हा हॉल बंद व्हावा असं तुम्हाला वाटत नाही?"

"बंद?" काकांचा चेहराच उतरला. "अहो, पानात चूक सापडली म्हणून कुणी पुस्तक जाळतं का?"

वहिनींचा राग कुठल्या कुठे पळाला. "मग खाली यायचंत की. पुढची खुर्ची ठेवली असती."

"तपासायचं काम एकट्यानं, दार लावून करायचं असतं. तशी सवय आहे."

"आणि एकदाही काही चांगलं लिहावंसं वाटलं नाही?"

"चांगल्या पानावर खूण नसते, बाई. अगदी निर्दोष निघालं तर तळाला एक ओळ लिहितात. ती मी उगाच लिहीत नाही. शेवटची लिहिली त्याला बारा वर्षं झाली."

अधिकाऱ्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "तक्रारदाराचा अभिप्राय. काय ते इथे लिहा. परवान्याचं यावरच ठरेल."

"ऐकल्याशिवाय कसं लिहू?" काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली.

वहिनी पियानोवर बसल्या. दिराने काठ्या उचलल्या, सॅक्सोफोनवाल्याने ओठ ओले केले. येत्या शनिवारसाठी बसवलेलं नवंकोरं गाणं त्यांनी वाजवायला घेतलं. काका डोळे मिटून ऐकत होते. पेन्सिल कागदाच्या बोटभर वर थांबलेली. मध्येच त्यांनी डोळे उघडले आणि ती खाली टेकली. वहिनींच्या काळजाचा ठोका चुकला. हात मात्र त्यांनी चुकू दिला नाही. काकांनी कागदाच्या मथळ्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि पुन्हा डोळे मिटले.

गाणं संपलं. अभिप्रायाचा रकाना काकांनी कोराच सोडला. अगदी तळाला एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद वहिनींच्या हातात दिला.

"तपासले. छापायला हरकत नाही."