आप्पांचा डाग

मक्याच्या पिठाचा लेप वाळून भिंतीवरून सुटायला लागला, तशी ती दातांचा जुना ब्रश घेऊन तो झाडायला बसली. पिठाने तेल बरंच ओढलं होतं. आप्पांच्या खुर्चीमागचा डाग, चांगला बशीएवढा, मधे काळपट आणि कडेला पिवळा, आता जरा फिका दिसत होता. खुर्ची तिने सकाळीच कोपऱ्यात लोटली होती.

आप्पा म्हणजे तिचा नवरा. जाऊन महिना झाला होता. उभा संसार या माणसाने त्या खुर्चीत बसून, तेल थापलेलं डोकं भिंतीला टेकून, घरातले डाग दाखवण्यात घालवला. "कपाच्या तळाला डाग आहे, सोडा लाव." "अभ्र्यावर शाई सांडलीये, दुधात भिजव." वर्तमानपत्रातले घरगुती उपाय सगळे तोंडपाठ, पण स्वतःचा हात कधी ओला केला नाही. एकदा उकळत्या पाण्याने तिचा हात पोळला, ती स्वयंपाकघरात कळवळत होती, तर हा बसल्या जागेवरून म्हणतो, "पाणी सांडलं वाटतं. लगेच पूस, फरशीला डाग राहतो." घरातला एकूण एक डाग त्यांना दिसायचा, एक सोडून. तो त्यांच्या डोक्यामागे होता.

आणि आज त्याच डागाला चौकट बसणार होती.

ही अक्कल मुलाची. आप्पा होते तोवर हा मुलगा बैठकीच्या खोलीत पाच मिनिटं टिकत नव्हता. त्यांनी तोंड उघडलं की याला नेमका फोन यायचा. आता गळा काढून म्हणाला, "आई, आप्पांची एवढीच खूण राहिलीये. काच लावून जपू या. तू समोर बसत जा, तुला सोबत होईल." मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. सोबत म्हणे. उरलेलं आयुष्य त्या तेलकट खुणेकडे बघत काढायचं. तिला भिंत स्वच्छ हवी होती, आणि चौकटवाला यायच्या आत हवी होती.

तिने वाटीत सोडा कालवला, बोटांनी डागावर लिंपला आणि वरून व्हिनेगर शिंपडलं. भिंत फसफसली.

तेवढ्यात आतून नणंद आली. चौकटीचा सोहळा बघायला ती खास मुक्कामाला आली होती.

"वहिनी, अहो हे काय करताय? दादाची जागा आहे ती."

"पुसतेय, वन्सं."

"देवमाणूस होता माझा दादा. त्याची आठवण अशी फडक्याने पुसायची?"

"देवमाणूस होते खरे. देवासारखे एका जागी बसून होते. हलले म्हणून नाहीत."

नणंदेने डोळ्यांना रुमाल लावला. रुमाल कोरडा तो कोरडाच. एक हुंदका दिला, भिंतीकडे नीट निरखून पाहिलं आणि रडव्या आवाजातच म्हणाली, "आणि सोड्याने नाही जायचं ते. लिंबू-मीठ चोळा."

एकाच माळेचे मणी. तिला हसू आलं आणि ते तिने लपवलंही नाही. ओलं फडकं पिळून तिने डागावरून फिरवलं, पुन्हा पिळलं, पुन्हा फिरवलं. बादलीतलं पाणी गढूळ झालं. भिंतीवर मागे राहिला तो एक पांढरा गोल, आजूबाजूच्या भिंतीहून स्वच्छ.

दार वाजलं. मुलगा आत आला, मागे काखेत चौकट धरून चौकटवाला. मुलगा दोन पावलं पुढे येऊन थबकला.

"आई, हे तू केलंस?"

"नाही तर कोण करणार? या घरातले डाग आजवर दुसऱ्या कुणी काढलेत?"

"अगं, आप्पांची शेवटची खूण होती ती. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. फार उशीर केला असं वाटलं." तिने फडकं बादलीच्या काठावर टाकलं. "आणि उपाय त्यांचाच आहे. आधी पीठ, मग सोडा, वर व्हिनेगर. हमखास निघतो म्हणायचे. जन्मात एवढं एक खरं बोलले."

मुलाचं तोंड पडलं. आत्याकडे बघितलं, तर आत्या भिंतीजवळ जाऊन लिंबू लागलं असतं की नाही ते बघत होती. शेवटी तो चौकटवाल्याकडे वळला. "जाऊ दे. परत न्या ती."

"परत कशाला?" ती म्हणाली. "बनवलीये तर बसवा की."

चौकटवाला साधा माणूस. त्याने चौकट त्या पांढऱ्या गोलावर धरून पाहिली, मान तिरकी केली, मग मागे सरला. सागाची जाड पट्टी, वर स्वच्छ काच आणि आत नुसती भिंत.

"काकू," तो संकोचाने म्हणाला, "पण आत दाखवण्यासारखं काहीच नाही हो."

"होतं तेवढंच आहे," ती हात पुसत म्हणाली. "ठोका."